खंड्याला मारलेली हाक

"डॉक्टर, हा भुंकत का नाही?"

शेडगेकाकांनी राखणीला आणलेला कुत्रा माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये खुर्चीखाली शिरून भिंतीला चिकटून बसला होता. राखाडी अंग, लांबलचक पाय, अरुंद छाती, पिवळट डोळे. मी वाकून नीट बघितलं.

"काका, हा कुठून आणलात?"

"ब्रीडरकडून, वेल्समधनं. लांडग्याचं रक्त आहे अंगात." काका खुशीत होते. "आता चोराची हिंमत व्हायची नाही आत पाय टाकायची. खंड्या नाव ठेवलंय."

मी तेव्हा नॉटिंगहॅमच्या एका क्लिनिकमध्ये व्हेट होते. मुंबईत शिकलेली, मग इथली परीक्षा देऊन नोकरीला लागलेली. शेडगेकाका मूळचे फलटणकडचे, पण इथे त्यांची हयात गेलेली. शहराबाहेर त्यांचं छपराच्या सामानाचं यार्ड होतं. कौलं, स्लेट, शिशाचे पत्रे. त्या वर्षांत शिशाला भाव आला होता आणि चोर नेमकं तेच उचलत. शेवटच्या चोरीत चोरांनी काकूंना ढकललं, काकूंचं मनगट मोडलं. तेव्हापासून काकू यार्डात यायला तयार नव्हत्या. पोलिसांकडून तक्रारीचा क्राइम नंबर मिळाला, चोर मिळाले नाहीत. काकांची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगून टाकते.

पण उपाय साफ चुकला होता. लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराला वुल्फ हायब्रिड म्हणतात. लोकांना वाटतं, कुत्र्याची निष्ठा अधिक लांडग्याची ताकद. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं होतं. राखणीचं कुत्रं परक्या माणसासमोर उभं राहून भुंकतं, कारण ती जागा त्याला आपली वाटते. लांडगा परक्या माणसाला घाबरतो. तो भुंकायच्या भानगडीत पडत नाही, पळ काढतो. पळायला जागा नसली तर मात्र चावतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं. लांडग्याच्या अगदी जवळच्या पिढीचा असेल तर कौन्सिलचं लायसन्स लागतं, हेही सांगितलं. राखणीचा प्राणी आवारात मोकळा सोडायचा तर त्याला आवरणारा माणूस तिथे हजर हवा, असा इथला कायदा आहे, हेही.

"ब्रीडर म्हणाला, लायसन्सची गरज नाही, लांबच्या पिढीतला आहे."

"आणि कुंपण? ट्रेनिंग?"

"अहो, आमच्याकडे दिवसा बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं. झालं ट्रेनिंग. धनगरांची कुत्री कुठल्या शाळेत जातात?"

"धनगरांची कुत्री पिल्लापासून मेंढरांत आणि माणसांत वाढतात, काका. शेडमागे साखळीला नाही."

काकांनी ते कानाआड केलं. "एक गोष्ट शिकवलीय मी त्याला. बघा." ते खाली वाकले, मूठ पुढे केली आणि गावाकडे कुत्र्याला बोलावतात तसं म्हणाले, "यू यू यू!"

भिंतीला चिकटलेला तो प्राणी लगेच उठला. शेपूट खाली घालून आला आणि काकांच्या मुठीत नाक खुपसलं. मुठीत मटणाचा तुकडा होता. उघड्या दारातून आमच्या रिसेप्शनिस्टनं मान वर केली. "मी? मला बोलावलंत?" आम्ही तिघंही खूप हसलो.

मी काकांना दोन गोष्टी बजावल्या. कॉलर बदला, कारण या प्राण्यांचं डोकं निमुळतं असतं आणि साध्या कॉलरमधून ते सहज सुटतं. आणि जमत नसेल तर याला अशा प्राण्यांना सांभाळणाऱ्या सँक्च्युअरीत द्या, मी फोन करते. काका म्हणाले, "घरच्या जनावराला असं कुठे सोडतात का?" माझे बॉस ग्रॅहम नंतर म्हणाले, "तू सांगितलंस ना? बस. मालक तो आहे." बॉसचं खरं होतं आणि मला त्यांचा राग आला होता.

थंडीच्या दिवसांत काकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "डॉक्टर, खंड्यानं माणूस फाडला."

घडलं ते असं. यार्डात लॉरी यायची होती, म्हणून गेट उघडं होतं. रस्त्यावर कुणीतरी गेटसमोरच कार लावून ठेवली होती. लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्या कारवाल्यावर ओरडला, "यू! यू! येस, यू!" शेडमागे खंड्यानं कॉलरमधून डोकं सोडवलं आणि तो सरळ रस्त्यावर ड्रायव्हरच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरच्या मुठीत हातमोजे होते. खंड्यानं मुठीत नाक खुपसलं. एवढं मोठं धूड अंगाशी आलेलं बघून माणूस किंचाळला, हात मागे ओढला, लाथ मारली. मागे लॉरी, पुढे माणूस. पळायला जागा नव्हती.

त्या ड्रायव्हरच्या हाताची नस आणि दोन बोटं गेली. खंड्याचं कितीही वाईट वाटलं तरी हे विसरता येत नाही. त्या माणसाचा काय दोष होता?

पोलिसांनी खंड्याला आपल्या केनेलमध्ये नेलं. कुत्र्यांच्या केसेस बघणारा एक ऑफिसर असतो. त्याला भेटायला काकांनी मला सोबत नेलं.

"तुम्ही सांगा त्याला," काका वाटेत म्हणत होते. "तुमचं इंग्लिश चांगलं आहे. तो चावायला नव्हता गेला. हाक ऐकून गेला होता. हे कळलं की सोडतील."

मी सांगितलं. महाराष्ट्रात कुत्र्याला "यू यू" म्हणून बोलावतात, याला तेवढंच शिकवलंय, मुठीत खाऊ असतो, तो खाऊ शोधत होता. ऑफिसर पन्नाशीचा, शांत माणूस होता. घरी दोन कुत्री असल्याचं त्यानंच सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे डॉक्टर, इंग्लंडात कुणीही कुणालाही 'यू' म्हणून ओरडलं, की हा त्याच्या अंगावर जाणार?"

"अंगावर नाही, जवळ," मी म्हटलं.

"तुम्ही त्याची बाजू मांडायला आलात, हे कळतंय मला," तो म्हणाला. "पण यानं केस जास्तच वाईट होते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाला?" त्यांना कळलं होतं. तरीही विचारलं.

सँक्च्युअरीनं माणसाला चावलेला प्राणी घ्यायला नकार दिला. कोर्ट खंड्याला जिवंत सोडेल, अशी आशा वकिलानंही दाखवली नाही. शेवटी काकांनी खंड्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला संमती दिली. एकच अट घातली, की परक्या माणसानं नको, मी करावं. मला ते नको होतं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

केनेलमध्ये खंड्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात होता. हाडं दिसत होती. तिथल्या माणसानं कॅचपोल काढला. म्हणजे लांब दांड्याचा फास, तो गळ्यात अडकवून जनावर ओढून आणतात. तो बघून खंड्या थरथर कापायला लागला.

"काका, तुम्ही बोलवा. फास नको."

काकांनी मान हलवली. "मी नाही मारणार हाक. मला जमायचं नाही." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मी गुडघ्यावर बसले. डाव्या हाताची मूठ पुढे केली. मुठीत काही नव्हतं, घाईत मटण आणायचं राहून गेलं होतं.

"यू यू यू."

तो आला. शेपूट खाली घालून, हळूहळू, पण आला. माझ्या रिकाम्या मुठीत त्यानं नाक खुपसलं आणि तिथेच ठेवलं. माझ्या उजव्या हातात इंजेक्शन होतं. ते करेपर्यंत त्यानं नाक काढलं नाही.

काकांनी यार्डाला लाइट आणि कॅमेरे बसवले. चोऱ्या थांबल्या. हे आधीही करता आलं असतं, असं त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. काकू पुन्हा यार्डाच्या ऑफिसात बसायला लागल्या.

आपल्याकडचं कुणी राखणीला कुत्रा घ्यायचं म्हणून सल्ला मागायला आलं, तर मी जात, वय, कुंपण सगळं विचारते. पण ते नंतर. आधी विचारते, "त्याला हाक काय मारणार?" लोकांना वाटतं, बाई गंमत करतायत.