वहिनीला सांगितलेलं

दीड महिना झाला. आदिलाबादेत शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप दिला, "गावाहून, बेल्याहून फोन होता, तुमच्या वहिनी गेल्या..." रडू आलं नाही. मनात एवढंच आलं, सांगायचं राहूनच गेलं.

बारा वर्षांपूर्वीच्या चैत्रात वहिनीला कांजिण्या झाल्या. आमच्याकडे त्याला माय, म्हणजे देवी, आली म्हणतात. घरात फोडणी बंद, परक्याला दार बंद. चौकटीला कडुलिंबाची डहाळी मीच बांधली. फोड सुकत आले तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "भाऊजी, बाहेर ऊन पडलं ना? मंग मले काऊन अंधार दिसून राह्यला?" दादा घाबरला. घरात शिकलेला मी, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी शहाणा म्हणालो, "माय अंगात हाय. निरोपाची आंघोळ झाली का नेऊ दवाखान्यात." चार दिवस थांबलो.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी दादा-वहिनीसमोरच मला तेलुगूत झापलं. आजाराने डोळ्यांमागच्या शिरा सुजल्या होत्या. चार दिवस आधी आणलं असतं तर कदाचित थोडी नजर वाचली असती. घरात तेलुगू येणारा मी एकटा, याची मला कोण घमेंड! वहिनीने विचारलं, "काय म्हन्ते डाक्टर?" मी म्हणालो, "कवाबी आनलं असतं तरी हेच झालं असतं म्हन्ते." तिने मान हलवली.

नंतर मी आदिलाबादेत राहायला आलो, तरी दर रविवारी बेल्याला जात राहिलो. माझी मोटारसायकल ओळखून ती चौकट चाचपत पाण्याचा तांब्या आणायची. मी गप्प बसलो की म्हणायची, "जिवाले काऊन लावून घेता भाऊजी? डाक्टरनंच सांगतलं ना, कवाबी आनलं असतं तरी..." मी पाणी प्यायचो.

तेरवीला तिच्या माहेराहून, बोथहून, तिची लहानपणची मैत्रीण लक्ष्मी आली. फोटोपुढे बसून तेलुगूत रडली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनीला तेलुगू यायची?" तिने चमकून पाहिलं. शेजारी वाढलो आम्ही, म्हणाली, जन्मात कधी तिच्याशी मराठी बोलले नाही.

आमच्या घरात सगळं मराठीत चालायचं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यातला शब्द न् शब्द तिला कळला होता. बारा वर्षं ती माझंच खोटं माझ्या समाधानासाठी मला सांगत राहिली. आता माफी तरी कुणाची मागू...

काल दादा दाराला रंग लावत होता. डहाळी बांधली होती तिथेच चौकट तिच्या हाताने काळी, गुळगुळीत झाली आहे. मी त्याचा हात धरला. "तेवढं राहू दे."

"काऊन रे?" त्याने विचारलं.

दादाला तेलुगू येत नाही.