घागरींची रांग आणि पोकळ चिंच

"आवं, तो दगड आठवतो का? नंबरात बांधलेला?" कोंडाबाई म्हणाली आणि हसत सुटली, ती थांबेचना. आम्ही दोघं ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो. मी टरफल फोडायचो, ती चिंचोके काढायची. हसण्याच्या धक्क्यानं मांडीवरचे सगळे चिंचोके खाली घरंगळले.

मी म्हणालो, "तोंडात दात न्हाईत, हसतीस काय एवढी?"

"मग काय दातानं हसत्यात व्हय?"

दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी दारात येईपर्यंत ती गेली. त्याला चार महिने झाले. लोक समजूत काढायला येतात. मला नेमका तेव्हाच तो दगड आठवतो आणि मी हसतो. पोरं एकमेकांकडं बघतात. म्हातारा येडा झाला म्हणतात. झाला तर झाला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तरी एकदा सगळं लिहूनच टाकतो.

माझा धंदा झाडं उतरवायचा. पाडायचा नव्हे. पाडायला कुऱ्हाड आणि मोकळं रान लागतं, अक्कल लागत नाही. पण झाड घराला, तारेला, विहिरीला चिकटून असलं की ते वरून खाली तुकड्यातुकड्यानं आणावं लागतं. फांद्याला दोर बांधायचा, करवतीनं कापायचा आणि दोरावर हळूहळू जमिनीवर टेकवायचा. मी वर चढायचो, कोंडाबाई खाली दोर सांभाळायची. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो. म्हणून मी घरात तिच्याशी कधी जास्त भांडलो नाही.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. उस्मानाबादच्या चकरा संपल्या म्हणून लोक खुशीत होते. रोज कुठल्या तरी जुन्या इमारतीवर नव्या ऑफिसचा बोर्ड लागायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निजामाच्या काळातलं एक कौलारू घर होतं, त्यालाही बोर्ड लागला. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. त्या ऑफिसच्या अंगणात एक आड होता आणि आडावर वाकलेली जुनी चिंच होती.

आदल्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. गल्लीतले बाकीचे सगळे आड कोरडे पडले. ह्या एकाच आडाला बारीक झरा होता, तासाला सात-आठ घागरी भरतील एवढा. अख्खी गल्ली त्याच्यावर जगत होती, आमचं घरसुद्धा. आणि एका संध्याकाळच्या वावटळीत चिंचेच्या मोठ्या फांद्यानं कर्रकन आवाज काढला. तो फांदा बरोबर आडाच्या तोंडावर होता. तुटून आत गेला असता तर आड बुजला असता आणि गल्ली पाण्यावाचून मेली असती.

मला त्या ऑफिसच्या ओव्हरसियर साहेबांनी बोलावलं. माणूस भला, पण कायम घाईत. डोक्यावर खाकी सोलाहॅट. त्याला ते टोपी म्हणत, म्हणून मीही टोपीच म्हणतो.

"मिस्त्री, चार दिवसांनी मोठे साहेब इन्स्पेक्शनला येऊन राहिलेत. खडीच्या कामावरची सहा माणसं देतो. बुडात करवत घाला, दोर बांधा, ओढून पाडा. दोन तासांचं काम."

मी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, बुंध्यावर ठोकलं. निरोगी झाड टणटण वाजतं. हे ढबढब वाजलं. बुंध्याला एक भोक होतं, त्यात खांद्यापर्यंत हात घातला तरी पलीकडची बाजू लागेना. हाताला बिड्यांचं बंडल, आरशाचा तुकडा आणि एक कंगवा लागला. ऑफिसचा शिपाई शेजारीच उभा होता.

"माझं न्हाई ते," तो म्हणाला. कंगव्यात त्याच्याच मेंदीचे लाल केस होते.

मी म्हणालो, "साहेब, पोकळ झाड दारुड्यासारखं असतंय. कुठं पडणार ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. दोर बांधून ओढलं म्हणून तुमचं ऐकंल व्हय?"

"मग?"

"वरून उतरवायचं. एक अख्खा दिवस द्या."

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "द्या म्हणजे काय, घ्या!"

चिंचेच्या शेजारी एक लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड होतं, तरणं आणि ठणठणीत. आमच्या धंद्यातला पहिला नियम, आजाऱ्याच्या खांद्यावर ओझं द्यायचं नाही. पोकळ झाडाचा फांदा त्याच झाडाला टांगला तर दोन्ही खाली येतात. म्हणून कप्पी लिंबावर वर बांधली. माझ्या कमरेचा दोरही लिंबालाच. फांद्याचा दोर म्हणजे मोटेचा अंबाडीचा नाडा, मनगटाएवढा. तो फांद्याकडून कप्पीत, कप्पीतून खाली, आणि खाली लिंबाच्या बुंध्याला चार वेढे. हे वेढे महत्त्वाचे. माणसानं वजन धरायचं नसतंच, वजन वेढे धरतात. माणसानं फक्त शेपूट धरायचं आणि थोडं थोडं सोडायचं.

सगळी तयारी झाली आणि खाली बघतो तर काय, फांदा टेकवायच्या जागेवर घागरींची रांग. पितळी घागरी, जर्मन-ॲल्युमिनियमच्या कळशा, मातीचे डेरे, डालड्याचे डबे. पन्नासच्या वर भांडी. एकीनं तर नुसता दगडच ठेवला होता, कारण तिची घागर घरी शेळीला पाणी पाजत होती. ज्याचं भांडं जिथं, तिथं त्याचा नंबर. काही नंबर कालपासून लागलेले.

ओव्हरसियर म्हणाले, "बायांनो, भांडी उचला!"

एकही हलली नाही. सातव्या घागरीमागं रजियाबी उभी होती. गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज तिचा. ती म्हणाली, "साब, झाड गिरता तो गिरने दो. मेरा नंबर सातवा है. घागर कू हात लगाके तो देखो!"

"अहो, डोक्यात पडेल!"

"सिर में गिरा तो मेरी बहू खडी रहेगी. नंबर नै जाने देती."

थांबायला कुणाची ना नव्हती. भीती एवढीच की भांडी उचलली की परत लावताना पाचवी दुसरी होणार आणि दुसरी विसावी. मागच्याच आठवड्यात त्यावरून दोन डोकी फुटली होती. साहेब पोलिसाला बोलवायचं म्हणाले. रजियाबी म्हणाली, पोलिसाची बायको अकरावी आहे, बोलवा.

तेवढ्यात कोंडाबाई पुढं झाली. तिनं आमचा जुना दोर उचलला, रांगेच्या तोंडाशी गेली आणि पहिल्या घागरीच्या गळ्याला गाठ मारली. मग हातभर अंतर सोडून दुसरीच्या. मग तिसरीच्या. एका बाईनं विचारलं,

"ही काय करायलीय?"

"तुमचे नंबर बांधायलेय," कोंडाबाई म्हणाली. "आता कुणी मागंपुढं होऊन दाखवा. आन दिवसभर उपसलं न्हाई तर सांजच्याला आडात पुरुषभर पाणी चढलेलं असंल. सगळ्यांच्या घागरी काठोकाठ."

दगडापाशी ती थांबली. मागची बाई म्हणाली, "दगडाला कामून बांधतीस?"

"त्याचा नंबर हाय," ती म्हणाली आणि दगडाला दोन आडव्या, दोन उभ्या अशी नवरदेवाच्या मुंडावळीसारखी गाठ मारली.

मग प्रत्येकीनं आपापलं भांडं उचललं आणि ती पन्नास भांड्यांची माळ अंगणातून निघाली. एक पुढं गेली की मागची ओढली जायची, एक ठेचकाळली की दहाजणी थांबायच्या. दगडवालीनं दगड कडेवर घेतला होता. माळ व्हरांड्यात मावेना, म्हणून शेपूट ऑफिसात गेलं. शेवटच्या सात घागरी साहेबांच्या टेबलाखाली. साहेब म्हणाले, "हे ऑफिस आहे!" रजियाबी म्हणाली, "हमारा भी जिल्हा है, साब."

मी चिंचेवर चढलो. पहिले दोन फांदे लोण्यासारखे उतरले. खडीवरची सहा माणसं नाड्याच्या शेपटाला होती आणि कोंडाबाई बारक्या दोरावर. तो बारका दोर फांद्याचं तोंड वळवायला असतो, बैलाची वेसण समजा. फांदा टेकला की बाया पालवीवर तुटून पडायच्या. चिंचेचा कोवळा चिगूर वरणात सुरेख लागतो आणि दुष्काळात भाजी कुठं होती? पण ह्या गडबडीत सहाजणांच्या मुकादमाला वाटलं, काम फार सावकाश चाललंय. नाडा भराभर सरकावा म्हणून त्यानं मला न विचारता चारातले तीन वेढे काढले.

वर मला काय ठाऊक? मी तिसरा फांदा कापला. तो आडाच्या कडेवरचा होता. फांदा सुटला आणि तसाच खाली निघाला. एका वेढ्यानं काय होतं? सहाही माणसं ओढली गेली, तळवे पोळले, आणि सहाहीजणांनी एकदम दोर सोडून दिला. मुकादम लिंबाला जाऊन धडकला.

फांदा सरळ आडावर चालला होता. मी वरून ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

कोंडाबाईनं बारका दोर टाकला, पळत्या नाड्याचं शेपूट दोन्ही हातांनी पकडलं आणि लिंबाभोवती धावत सुटली. दोन फेऱ्या मारल्या. बाया वडाला मारतात तशा, पण त्यांच्या दसपट वेगानं. दोन वेढे पडले, सालीतून धूर निघाला आणि फांदा आडाच्या कट्ट्यावर वीतभर अंतरावर खटकन थांबला.

ह्या खटकन थांबण्याचीच भीती असते. सोडत सोडत थांबवला तर फांद्याचं वजन फांद्याएवढंच राहतं. झटक्यानं थांबवला तर ते दुपटी-तिपटीनं झाडाला बसतं. लिंब गदागदा हलला. माझा कमरेचा दोर त्यालाच होता, मी झोक्यावर बसल्यासारखा जाऊन आलो. आणि चिंचेच्या बुंध्यात बोटभर फट पडली. मोठा फांदा अजून आडावर तसाच होता. आता तो उद्यावर टाकता येत नव्हता.

"आवं, हात-पाय हायेत का?" खालून आवाज आला.

"हायेत. तुझे?"

"पाय हायेत," ती म्हणाली.

मी खाली वाकून बघितलं. तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. रजियाबी आपली ओढणी फाडून बांधत होती. कोंडाबाई मुकादमाकडं बघून म्हणाली, "भाऊ, तुमी बसा. तुमाला ओढायचं कळतंय, सोडायचं न्हाई कळत." मग बायांकडं वळली. "या गं. रोज शंभरदा पोहरा आडात सोडता, हा एक मोठा पोहरा हाय."

खरं होतं. पोहरा सोडणाऱ्या बाईच्या हाताला सोडणं जन्मभर ठाऊक असतं. दोर हातातून जातो आणि हात पोळत नाही. बारा बाया शेपटाला लागल्या, दोघी बारक्या दोराला. आधी तो लटकलेला फांदा बाजूला टेकवला, मग नव्यानं घातलेले वेढे कोंडाबाईनं मोजायला लावले. चार. मग म्हणाली, "पाच करा." मग हात पदरात धरून उभी राहिली.

मी मोठा फांदा बांधला, दोन ठिकाणी बांधला, आणि कापला. फांद्याचं वजन हळूच लिंबावर गेलं. कोंडाबाई म्हणत होती, "सोड... सोड... जरा धर... सोड." फांदा म्हशीएवढा, पण दोरावर कसा शहाण्यासारखा उतरत होता. नेमके त्याच वेळी ओव्हरसियर साहेब बघायला पुढं आले. फांदा गोल फिरला आणि त्याच्या शेंड्यानं साहेबांची टोपी डोक्यावरून अलगद उचलली. टोपी फांद्यावर बसली आणि आडाच्या तोंडावर गरगर फिरायला लागली.

"माझी टोपी! ए, माझी टोपी घ्या आधी!"

रजियाबी शेपटाला लटकलेलीच ओरडली, "साब, नंबर लगाव!"

झालं. एक हसली, बाराही हसल्या. हसून हसून बाया वाकल्या, एकीनं दोर सोडून पोट धरलं, दुसरी खालीच बसली. मी वरून ओरडलो, "हसू नका! आडावर हाय तो!" आणि माझंच हसू सुटलं, करवत हातातून पडता पडता राहिली. तो शिपाई हसत होता, मुकादम हसत होता. फांदा आडावर लटकून टोपी मिरवत होता आणि खाली त्याला धड धरलेलं कुणीच नव्हतं. पाच वेढे होते, त्यांनी धरला. तो बोटभरही हलला नाही.

हसणं ओसरल्यावर दोघींनी बारक्या दोरानं त्याचं तोंड वळवलं आणि बारा जणींनी तो अंगणात टेकवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. उरलेला बुंधा दुपारनंतर गोल गोल कापून काढला. एकही घागर फुटली नाही. आडात मूठभर पालाच पडला, दोन दिवस पाणी आंबूस लागलं. रजियाबी म्हणाली, आता वरणात चिंच घालायची गरज नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी झाडं उतरवली, शिकवलीही. सगळ्यांना एकच सांगितलं. माणसं चांगली असतीलच असं नाही, ती हसतील, घाबरतील, हात सोडतील. वेढे पुरेसे घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाईचे तळवे पुरीसारखे फुगले होते. मी जन्मात पहिल्यांदा घागर घेऊन आडावर गेलो आणि बायांच्या रांगेत उभा राहिलो. बाया पदर तोंडात कोंबून बघत होत्या. रजियाबीनं माझी घागर माळेच्या शेवटाला बांधली. नंबर त्रेपन्न. उन्हं डोक्यावर आली तेव्हा माझी पाळी आली. पोहरा कसा सोडायचा ते दोघींनी शिकवलं, तरी दोनदा तो कट्ट्यावर आपटला. घागर डोक्यावर घेतली आणि घरापर्यंत अर्धी अंगावर सांडली.

कोंडाबाई दारात बसली होती. तिनं घागरीत डोकावलं.

"अर्धीच?"

मी घरातला डेरा काढला, त्यात ते पाणी ओतलं, आणि रिकामी घागर घेऊन परत रांगेच्या शेवटी जाऊन बांधली.