लोटूभाऊंचा न बुडालेला धंदा

सुरतेतल्या लिंबायतच्या लोटूभाऊंनी आजवर बरेच धंदे केले आणि सगळे प्रामाणिकपणे बुडवले. "आता एक जरी बुडाला," बायकोनं, मालतीबाईंनी बजावलं होतं, "की गुमान सचिन जीआयडीसीतल्या कारखान्यात परत जायचं."

अशात रसायनशास्त्रात पीएचडी करणारी भाची योगिता तणतणत आली. तिचाच लेख उघडायला जर्नलची वेबसाइट तिच्याकडेच पैसे मागत होती.

"लिहिला कोणी?" लोटूभाऊंनी विचारलं.

"मी. फुकट."

"तपासला?"

"दोन प्राध्यापकांनी. तेही फुकट."

"कागद, छपाई?"

"छापतंय कोण, मामा? सगळं ऑनलाइन."

"अन् विकत कोण घेतं?"

"आमचंच कॉलेज."

लोटूभाऊंनी चष्मा काढला. "पोलीस काही म्हणत नाहीत?"

"उलट त्यात नाव आल्याशिवाय नोकरी नाही मिळत."

"इतकी वर्षं सुरतेत काढली," लोटूभाऊ हळहळले, "अन् असला धंदा कुणी सांगितला नाही!"

लगेच मोबाइलवर 'खान्देशी पाकसंशोधन' सुरू झालं. बायांनी पाककृती फुकट पाठवायची. दोघी जाणत्यांनी, कुणाची ते न कळता, फुकट करून बघायची. पसंत पडली की कुलपात. वाचायला वर्गणी.

शेजारच्या लीलाबाई हसल्या. "भरीत कसं करतात ते मी खिडकीतून ओरडून सांगते की!"

"सांगा. पण ते तपासलेलं नसेल," लोटूभाऊ शांतपणे म्हणाले.

पाककृती आल्या, गिऱ्हाईक येईना. मग लीलाबाई मुलासाठी स्थळ बघायला गेल्या. मुलीची आई सहज म्हणाली, "आमच्या चैतालीच्या दोन आल्यात, लोटूभाऊंकडे." लीलाबाईंना अर्थ कळला नाही, त्यामुळे त्या फारच दबल्या. परत आल्या त्या वर्गणी भरून, अन् वर तपासायलाही बसल्या. त्यांच्यामागे अख्खी गल्ली आली.

मग मालतीबाईंनी शेवभाजी पाठवली. शेरा आला: 'रस्सा पातळ. नावीन्य नाही.'

बायको म्हणून पास केली, तर उद्या लोटूभाऊंच्या शिक्क्याला कोण विचारणार? लोटूभाऊंनी ती नापास केली आणि जेवायला बसले.

"मना रस्सा पातळ?" मालतीबाईंनी ताट आपटलं. "कोन म्हनस?"

"ते गुप्त असतं."

"लीलाच असनार!"

लीलाबाईच होत्या. लोटूभाऊ काही दिवस वडापाववर राहिले.

शेवटी मालतीबाईंनी दुप्पट मसाला घालून शेवभाजी पुन्हा पाठवली. वर लिहिलं, 'तपासणाऱ्या भगिनींच्या मौलिक सूचनांबद्दल आभार.' पास झाली.

"अहो, माझीच भाजी उघडत नाही!"

"वर्गणी," लोटूभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले.

मालतीबाईंनी बटवा उघडला, वर्गणी भरली आणि अमळनेरला भावजयीला फोन लावला. "वहिनी, मनी शेवभाजी छापेल शे! नाही, फुकट नाही सांगनार. पैसे भर अन् वाच."