दाराबाहेरचा कॅलिपर

पनवेलच्या बाजारामागे कॅलिपर बनवणाऱ्याचं छोटंसं वर्कशॉप आहे. पोलिओनं लहानपणीच माझा उजवा पाय लुळा पडला. तेव्हापासून मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून मी चालते. बूट त्यालाच जोडलेला, वेगळा निघत नाही. मी दारात दिसले की तो कारागीर कपाळाला हात लावतो.

"आल्या! आता काय टोचतंय? ते आजोबा बघा, तोच माल, पण एकदम खूष हायत. तुमाला कधी काय आवडलंच नाय."

"आजोबांना दोन मुलं बगलेत धरून आणतात," मी म्हणाले. "पलंग ते गॅलरी, संपली वाट. त्यांचा कॅलिपर मोडला तर मुलं आहेत. माझा मोडला तर मी भर रस्त्यात बसले!"

खोटं काय त्यात? मी एकटी राहते, शाळेत विज्ञान शिकवते, मासळी बाजारात स्वतः घासाघीस करते. ज्याचं सगळं त्या पट्ट्यांवर चालतं, तोच त्यांच्यात खोट काढणार. त्या दिवशी तक्रार बक्कलांची होती. बांधायला-सोडायला फार वेळ खातात मेली. "पुढच्या आठवड्यात वेल्क्रो लावून देतो," तो म्हणाला. "चट घाला, चट काढा." मी खूष होऊन घरी आले.

त्याच रविवारी धाकट्या भावाच्या तळोज्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. भावजय दारातच हळू आवाजात म्हणाली, "ताई, पूजा आहे हो... तेवढा बूट..." तिची काय चूक? चपला घालून पूजेला कोण जातं? मी नेहमीसारखी पॅसेजमध्ये खुर्चीवर बसले, बक्कलं सोडली आणि कॅलिपर चपलांच्या ढिगाशेजारी ठेवला. मग दोघांनी दोन बाजूंनी मला उचललं. कॅलिपर उतरला की मी माणूस राहत नाही, सामान होते. इथे ठेवू की तिथे? शेवटी चौरंगाजवळ सतरंजीवर ठेवलं.

आरती झाली. आत पुऱ्या तळता तळता सिलेंडर संपला आणि कोणीतरी नवा लावायला घेतला. रेग्युलेटर नीट बसेना. एकदम फुस्स आवाज आला, पाठोपाठ वास, आणि किंकाळी, "गॅस सुटलाय! पळा, बाहेर पळा!"

बघता बघता खोली रिकामी झाली. जिन्यावर धडधड पावलं वाजली. मी ओरडलेसुद्धा नाही. आत्ता येईल कोणीतरी मला घ्यायला, असं समजून बसून राहिले. कोणी आलं नाही.

आतला फुस्स चालूच होता. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर समई तेवत होती.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, हे मीच वर्गात शिकवते. आणि मी जमिनीवर! देवाचा दिवा फुंकून विझवत नाहीत, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी सगळ्या वाती एका दमात फुंकल्या. उदबत्ती तीर्थात बुडवली. मग तळहातांवर जोर देत, पाय फरफटत दाराकडे निघाले. आई गं, आई गं, एवढंच तोंडातून येत होतं.

कॅलिपर चपलांखाली गेला होता. ओढून काढला, पण घाईत एक बक्कल लागेल तर शपथ. तेवढ्यात भाऊ धापा टाकत वर आला आणि माझ्या काखेत हात घालायला लागला.

"हात लावू नकोस! आधी रेग्युलेटर बंद कर!"

तो नाकाला रुमाल लावून आत गेला, रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या. मग येऊन माझ्याजवळ फरशीवरच बसला. रडत होता.

"ताई, मला वाटलं हिनं तुला आणलं."

मागून भावजय आली, पांढरीफटक. "मला वाटलं, यांनी."

दोघंही खरंच बोलत होते. त्यानंच मी जास्त घाबरले. खोटं बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

वास गेल्यावर सगळे वर आले. आमची आत्या आत डोकावली. "अगं बाई! देवाचा दिवा कोणी विझवला?"

"मी," मी म्हणाले. माझं शेवटचं बक्कल तेव्हा लागत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्कशॉपमध्ये गेले. "वेल्क्रो नको."

"आता काय? तुमीच तर बोललात!"

"चट निघाला की लोक चट काढायला लावतात. बक्कलंच राहू देत. चांगली घट्ट."

भावाकडे अजूनही जाते. दारात बूट ओल्या फडक्यानं पुसते आणि कॅलिपर घालूनच आत शिरते. भावजयीनं आता ते फडकं माझ्यासाठी खिळ्याला टांगून ठेवलंय. आत सोफ्यावर बसा म्हणून आग्रह करते बिचारी. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसते.