आमचा थांब

माझ्या भाच्याचं नाव थांब आहे आणि ते मी ठेवलेलं आहे. टोपणनाव नव्हे. शाळेत थांब, रेशनकार्डावर थांब, लग्नाच्या आहेरावरही 'चि. थांब याजकडून'. लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "असं नाव काहून ठेवलं?" मी सांगते, "ठेवलं नाही, निसटलं."

मला खाप्याला दिलेलं, माहेर नागपुरात, नंदनवनात. नंदनवन तेव्हा नुकतंच वसत होतं. गुडघाभर चिखल, बाभळी आणि मधूनमधून घरं. (नावावर काही नसतं, हे मला तिथंच कळायला हवं होतं.) घरात आई, दादा आणि वहिनी. दादाला दोन मुलं होऊन गेली होती. होऊन गेली म्हणजे खरंच गेली. पहिल्याचं बारसं थाटात झालं, मीच त्याच्या कानात 'विजय' सांगितलं, आणि तो पालथा पडायला शिकायच्या आत गेला. दुसरा तर नाव ठेवेपर्यंतही राहिला नाही.

त्यानंतर वहिनी घरात वावरायची, पण असून नसल्यासारखी. तिसऱ्या खेपेला तिनं एक झबलं शिवलं नाही आणि कुणाला शिवू दिलं नाही. मुलगा झाला. त्याला अंगावर घ्यायची आणि मान भिंतीकडे वळवायची. त्याचं तोंड तिनं धडपणे पाहिलंही नव्हतं. मला ते बघवायचं नाही. अशा वेळी लोक रडतात. मी खेकसते. त्या दिवसांत मी घरातल्या सगळ्यांवर खेकसून घेतलं, दूधवाल्यावरसुद्धा.

आईनं जाहीर केलं की या वेळी नाव वाईट ठेवायचं. ज्यांची मुलं वाचत नाहीत ते आमच्याकडे असंच करतात. मूल सुपात घालायचं आणि नाव ठेवायचं सुपडू. नाहीतर शेजारणीला एका कवडीला विकायचं, परत घ्यायचं आणि नाव ठेवायचं कवडू. आमचा दूधवाला कवडू होता, न्हावी सुपडू होता आणि कोपऱ्यावर एक कचरू राहत होते. तिघेही धडधाकट. आईकडे यापेक्षा मोठा पुरावा नव्हता आणि तिला तो लागतही नव्हता.

"यम येते आन् नाव इचारते," आई सांगायची. "चांगलं नाव आयकलं का उचलते. कवडू आयकलं का म्हणते, हे काय न्याचं, आन् जाते पुढच्या घरी."

(पुढच्या घरी कोण राहतं याची आईला फिकीर नव्हती. तिथं जिजाकाकू राहत होत्या.)

दादा सरकारी कचेरीत कारकून. त्याला मुलाचं नाव संजय हवं होतं. बारशाच्या सकाळी त्यानं मला विहिरीमागं नेलं. "कमल, कानात संजय सांग. आईले तसंही कमी आयकू येते." मी हो म्हटलं. घरात आले तर आईनं चुलीपाशी गाठलं. "कमल, कवडूच सांगजो. तुया भावाच्या नादी लागू नोको." मी तिलाही हो म्हटलं. माहेरी आल्यावर मी कुणाला नाही म्हणत नाही, सासरी तेवढी संधी भरपूर असते.

आता आमच्याकडचं बारसं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्र करायचं, आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. पण बायका ही जबाबदारी मनापासून पार पाडतात. माझ्या अगदी मागं जिजाकाकू उभ्या होत्या. जिजाकाकू मूळच्या भिवापूरच्या, लहानपणापासून मुसळानं मिरची कांडलेल्या. मी वाकले. जिभेच्या एका टोकाला संजय, दुसऱ्या टोकाला कवडू. कोणता सोडावा ते मला ठरवता येईना. तेवढ्यात जिजाकाकूंना वाटलं की सांगून झालं, आणि त्यांनी हात उचलला.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बाळाच्या कानात माझ्या तोंडून निघालं, "थांब नं!"

पाळणा हलवणारी हलवायची राहिली. पाळणागीत म्हणणाऱ्या गप्प झाल्या.

"काय म्हटलं वं तू?" आईनं विचारलं. तिला कमी ऐकू येतं हा दादाचा गैरसमज होता.

"मी जिजाकाकूले म्हटलं."

"तोंड कोनाच्या कानात होतं?"

"लेकराच्या."

"मंग झालं नं नाव."

दादा बाहेरून धावत आला. "हे धरू नका. कमल, तू पुन्हा सांग." त्यावर जिजाकाकू म्हणाल्या, "कानात गेलेलं नाव माघारी येते काय भाऊ? दुकानातला सदरा आहे काय थो?" आई म्हणाली की नाव वाईटच हवं होतं, पण हे वाईटही नाही आणि चांगलंही नाही, हे नुसतंच अर्धवट आहे. मी म्हटलं, धपाटा जिजाकाकूंचा, तेव्हा नावही त्यांच्याच अंगावर. सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि बाळानं भोकाड पसरलं.

तेव्हा वहिनी भिंतीजवळच्या पाटावरून उठली. तिनं पाळण्यातून पोर उचललं. तो झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"हेच नाव राहू द्या," ती म्हणाली. मग त्याला म्हणाली, "थांब. थांबजो रे बापा."

 दादा हातपाय धुतो म्हणून विहिरीवर गेला आणि पानं वाढली तरी परत आला नाही.

थांब थांबला. पालथा पडला, रांगला, दात आले. पण घरच्यांची भाषा गेली. 'थांब' हा शब्द दिवसातून किती वेळा लागतो हे तो मुलाला देऊन टाकल्याशिवाय कळत नाही. आई दूधवाल्याला "थांब गा" म्हणायची आणि नातू रांगत दारात हजर व्हायचा. शेवटी घरानं हिंदीचा आसरा घेतला. नागपुरात तो नेहमीच हाताशी असतो. दूधवाल्याला रुक, भिकाऱ्याला रुक, उतू जाणाऱ्या दुधालाही रुक.

ते निभलं. निभत नव्हती ती वहिनीची धास्ती. एकदा दादाचा कचेरीतला दोस्त चहा पिऊन उठला आणि सहज म्हणाला, "येतो वहिनी, आता काही थांबत नाही." वहिनीच्या हातातली कपबशी खाली पडली. तिनं त्या भल्या माणसाला परत खाली बसवलं. त्याला कळेना की आपण काय केलं. दादानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं तेव्हा तो घाबरून म्हणाला, "थांबतो, थांबतो, वहिनी." आणि जेवूनच गेला. पुन्हा आला नाही. तेव्हापासून आमच्या घरात 'थांबत नाही' म्हणायला बंदी झाली. पाऊससुद्धा थांबत नसला तर आम्ही 'पडून राहिला' म्हणायचो.

थांब चार वर्षांचा असताना मी माहेरी आले होते. उन्हाळ्याची दुपार, दादा कचेरीत. पोराला सकाळपासून ताप होता, तो एकाएकी चढला आणि झटके यायला लागले. डोळे फिरले, दातखीळ बसली. मी आणि वहिनीनं त्याला उचललं आणि सायकल-रिक्षात बसलो. वहिनी त्याच्या गालांवर चापट्या मारत हाका मारायला लागली. "थांब, थांब रे, थांब."

रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला.

"चाल नं गा, काहून थांबला?" मी ओरडले. तो निघाला. वहिनी पुन्हा, "थांब रे राजा, थांब." त्यानं पुन्हा ब्रेक दाबला आणि मागं वळला. "बाई, एक म्हणते थांब, एक म्हणते चाल. मी कोनाचं आयकू?"

"थे पोराचं नाव आहे!"

"असं नाव कोन ठेवते जी?"

"मी ठेवलं. चाल आता."

मी वहिनीला म्हटलं, "घटकाभर नुसतं राजा म्हण, सोन्या म्हण." तिनं माझ्याकडे बघितलं. "ह्याच नावानं राहिला थो कमलबाई. आता दुसऱ्या नावानं बलावलं तं..."  मग मीही तेच नाव घ्यायला लागले. रिक्षावाला उभा राहून पायडल मारत होता आणि मागं आम्ही दोघी जीव खाऊन ओरडत होतो, थांब, थांब, थांब. आता बाहेरून हे कसं दिसत असेल बघा. चौकातल्या पानठेल्यावरचा एक दांडगा गडी धावत आला आणि त्यानं हँडल धरलं. "काय बे, बाया थांब थांब ओरडून राहिल्या आन् तू पळवून राहिला?" आणि आम्ही काही सांगायच्या आत त्यानं रिक्षावाल्याच्या एक कानफटात ठेवून दिली.

मी खाली उतरून त्या गड्याला वहिनीच्या मांडीवरचं पोर दाखवलं. त्याचं तोंड उतरलं. मग तो मागून रिक्षा ढकलत दवाखान्यापर्यंत पळत आला, आणि सुजल्या गालाचा रिक्षावाला आणि तो, दोघेही आमच्याबरोबर ओरडत होते, "थांब गा पोट्ट्या, थांब."

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "नाव?" वहिनी म्हणाली, "थांब." नर्स म्हणाली, "थांबायला वेळ नाही बाई, नाव सांगा." त्या दिवशी मी पहिल्यांदा एका परक्या बाईपुढे हात जोडले. "थ ला काना, वर टिंब, पुढं ब. लिवा नं माय."

ताप उतरायला चार-पाच दिवस लागले. तोवर वहिनी अन्नाला शिवली नाही. रिक्षावाला रोज दवाखान्याच्या फाटकाशी येऊन विचारायचा, "थांबला काय जी?" आम्हाला उत्तर देता येत नव्हतं. ज्या दिवशी "थांबला" म्हणता आलं त्या दिवशी मी त्याच्याही अंगावर खेकसले, कारण मला रडू यायला लागलं होतं.

दहावीच्या वर्षी थांब एकटाच एसटीनं खाप्याला आला. मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेला, आणि डोक्यात राग. शाळेत हजेरी घेताना गुरुजी 'थांब' म्हणाले की अख्खा वर्ग लिहायचा थांबायचा. बोर्डाच्या परीक्षेआधी त्याला नाव बदलून हवं होतं. "माय आयकूनच नाही राहिली. विषय काढला का रडते. तू सांग तिले. नाव तूच ठेवलं नं?"

त्याच्या आधीच्या दोघांबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मी त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पलीकडे सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. माझं तोंड एकदा तरी बंद व्हावं, ही त्यांची लग्नापासूनची इच्छा.

थांबनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याईच्या कानात काय सांगतलं होतं तू?"

"एकाच्या विजय सांगतलं. दुसऱ्याच्या काहीच नाही. तेवढा येळच नाही भेटला."

तो मग म्हणाला, "त्याईले काहून नाही म्हटलं, आत्या? थांब म्हणून?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खेकसायलाही काही सुचेना. थांब उठून माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "राहू दे. हेच नाव राहू दे."

सासूबाईंनी लसूण खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या घडीची वाट बघितली ती समोर आलेली असताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आल्या. तेव्हा मला अंदाज आला की मी किती भयंकर दिसत असेन.