चर्चा करावी

निर्यात प्रोत्साहन कार्यालयात प्रोत्साहन द्यायला आता एकच माणूस उरला होता आणि त्या माणसाला कुणीच प्रोत्साहन देत नव्हतं. त्यांना सगळे प्रभारी म्हणत. ऑफिसात म्हणत ते एक वेळ ठीक, पण घरी बायकोसुद्धा जेवायला वाढलं की हाक मारायची, "प्रभारी, या. ताटाचा कार्यभार स्वीकारा."

ते नोकरीला लागले तेव्हा कनिष्ठ लिपिक होते. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये तेव्हा अंग चोरल्याशिवाय पलीकडे जाता येत नसे, इतकी टेबलं आणि टेबलांमागे इतकी माणसं. मग सरकारने भरती बंद केली. तात्पुरती. भरतीबंदीचं एक बरं असतं, तिच्यात कुणाला काढून टाकत नाहीत. माणूस निवृत्त होतो, चार लोक त्याच्याबद्दल खोटंखोटं चांगलं बोलतात, त्याची खुर्ची तिथेच राहते आणि त्याचं काम शेजारच्या टेबलावर सरकतं. याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. असा सरकत सरकत योजना विभाग प्रभारींकडे आला, मग उत्पादन विभाग आला, मग लेखा विभाग. शेवटी काचेच्या केबिनमधले उपसंचालक साहेबही गेले आणि तीही खुर्ची प्रभारींच्या गळ्यात पडली. पगार मात्र कुठल्याच टेबलावरून सरकला नाही.

"भावोजी, मला एक सांगा," मेहुणा एकदा घरी येऊन म्हणाला, "एवढी माणसं गेली तरी ऑफिस चालतंय. मग ती सगळी होती तेव्हा करत काय होती?"

"चहा पीत होती," प्रभारी म्हणाले. "आता तोही मी एकटाच पितो."

मेहुणा हसला, पण ऑफिस चालत होतं असं म्हणणं धाडसाचंच होतं. परदेशातून कुणी 'तुमच्याकडे अमुक माल मिळेल का' असं विचारलं, तर प्रभारींना त्या विभागाच्या खुर्चीत बसायला सवड मिळेपर्यंत विचारणाऱ्याने दुसऱ्या देशातून माल घेऊन, वापरून, फेकूनही दिलेला असे. व्यापारी यायचे बंद झाले होते. येत होत्या फक्त झाडूवाल्या बाई. त्यांचे पैसे किरकोळ खर्चातून निघत. भरतीबंदी पदांना होती आणि बाई हे पदच नव्हतं, त्यामुळे त्या वाचल्या होत्या.

आता प्रभारींची काम करण्याची एक पद्धत होती. ज्या विभागाचं काम, त्या विभागाच्या खुर्चीत बसून करायचं. फाइल काखेत मारून ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात. योजना विभागात बसले की स्वभाव मवाळ होई, सगळ्यांना सगळं द्यावंसं वाटे. लेखा विभागात बसले की चष्मा आपोआप नाकाच्या शेंड्यावर येई आणि मघाशी स्वतःच लिहिलेल्या टिपणावर ते लाल शाईने शंका काढत. साहेबांच्या केबिनमध्ये गेले की त्यांना खालच्या माणसांचा वैताग येई. खालची माणसं म्हणजे तेच. आपलेच दात, आपलेच ओठ.

याच पद्धतीपायी बटणवालीचं घोडं अडलं.

बटणवालीचा गल्लीच्या टोकाला छोटा कारखाना होता. दहाबारा बायका नारळाच्या करवंट्या घासून, कापून, भोकं पाडून बटणं करत. परदेशातल्या एका कोट शिवणाऱ्याने तिला कळवलं होतं, अमुक प्रदर्शनात मी येतोय, तिथे माल दाखव, पसंत पडला तर वर्षभराचं काम देतो. सरकारी स्टॉल फुकट मिळत असे, पण ऑफिसची मंजुरी लागे. गावातल्या शिंप्यांनी प्लॅस्टिकची बटणं धरल्यापासून तिचा माल पडून होता. हे काम मिळालं नाही तर कारखान्याला कुलूप, हे ती सगळ्यांना सांगत होती, प्रभारींना तर तिन्ही टेबलांवर वेगवेगळं सांगून झालं होतं.

स्टॉलची नावं मुख्यालयाला कळवायच्या शेवटच्या दिवशी ती जिना चढून आली.

"माझ्या फाइलीचं काय झालं?"

"वर गेली आहे."

"वर कुठे? वर तर गच्ची आहे."

"साहेबांकडे."

"आणि साहेब कोण?"

प्रभारी जरा खाकरले. "तसा मीच."

फाइल साहेबांच्या टेबलावर होती आणि तिच्यावर प्रभारींच्याच अक्षरात दोन शब्द होते. 'चर्चा करावी.' जुने साहेब न वाचलेल्या प्रत्येक फाइलवर हेच लिहीत. त्याचा अर्थ, मला वाचायचा कंटाळा आलाय, येऊन तोंडी सांग. प्रभारींनी ते इतकी वर्षं पाहिलं होतं की त्या खुर्चीत बसल्यावर हाताने आपोआप लिहून टाकलं. मग ते आपल्या टेबलावर येऊन बसले आणि साहेब चर्चेला कधी बोलावतात याची वाट पाहू लागले. साहेबांनी काही बोलावलं नाही.

"मग खोडा ना ते!" बटणवाली म्हणाली.

"साहेबांचा शेरा खालच्या माणसाला खोडता येत नाही."

"तर लिहून टाका, झाली चर्चा म्हणून."

इथे मात्र प्रभारी अडले. आयुष्यात त्यांनी फार दिवे लावले नव्हते, पण न झालेली गोष्ट झाली असं फाइलवर कधी लिहिलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे मिरवण्यासारखी होती आणि ती मिरवायलाही ऑफिसात कुणी उरलं नव्हतं.

"अहो, दहाबारा घरांच्या चुली आहेत," बटणवाली म्हणाली. "तुम्हाला दोन शब्दांची पडलीय?"

मागे फरशी पुसणाऱ्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "मी बसते खुर्चीत. तुम्ही या चर्चेला."

"बाई, हा पोरखेळ आहे का?"

"नाही तर काय आहे?"

प्रभारींनी शेरा पुन्हा वाचला. चर्चा करावी असं होतं. कुणाशी, ते नव्हतं.

बाई केबिनमध्ये गेल्या, पदराला हात पुसून खुर्चीत बसल्या आणि त्यांनी घंटी मारली. प्रभारी आत गेले.

"दार वाजवून यायचं."

ते बाहेर जाऊन, दार वाजवून परत आले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. अगदी साहेब बघायचे तशा. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हं. काय आहे?"

"बटणांच्या स्टॉलचं..."

"नाही जमायचं."

"का पण?"

"का म्हणजे? परदेशात बटणं नाहीत? ते लोक काय सदऱ्याला गाठी मारून फिरतात?"

प्रभारी चपापले. लेखा विभागात बसून त्यांनी जवळजवळ हेच लिहिलं होतं, फक्त शुद्ध भाषेत.

"त्यांच्याकडे प्लॅस्टिकची आहेत," ते म्हणाले. "त्या माणसाला करवंटीचीच हवीत. आपण नाही गेलो तर तो शेजारच्या स्टॉलवरून घेईल. तिथे दुसऱ्या देशाचा अधिकारी उभा असतो, हातात माल घेऊन!"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी हिचा कारखाना राहील का?"

"तो माझा प्रश्न नाही. या तुम्ही."

प्रभारींनी टेबलावर हात आपटला. दाराशी उभी असलेली बटणवाली दचकली. "तुमचा नाही तर कुणाचा आहे? खुर्चीत बसून नुसतं चर्चा करावी, चर्चा करावी! साहेब असाल तर आधी फाइल वाचा!"

हे वाक्य कनिष्ठ लिपिक असल्यापासून त्यांच्या घशात अडकलेलं होतं. बाहेर पडल्यावर त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की ते समोरच्या खुर्चीत बसलेच, न विचारता.

"बाप रे," बाई उठत म्हणाल्या. "झाली बरं का चर्चा. घ्या तुमची खुर्ची आणि लिहा."

प्रभारींनी लिहिलं, 'झालेल्या चर्चेनुसार मान्यता.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुख्यालयातही एकच प्रभारी उरला होता. त्याने न वाचताच मंजूर केलं.

प्रदर्शनात बटणवालीबरोबर नियमाप्रमाणे एक अधिकारी जायला हवा होता. अधिकारी नव्हता, म्हणून ती एकटी गेली आणि खाणाखुणांनी बोलली. कोटवाल्याने एक बटण दाताखाली धरून पाहिलं, बटणाला काही झालं नाही, दातच दुखला, तेव्हा खूश होऊन वर्षाचं काम दिलं. परत आल्यावर तिला बायका कमी पडू लागल्या. त्या भागात कित्येक वर्षांत कुणी माणसं कामावर घेतली असतील तर ती तिने.

एका सकाळी बाई प्रभारींच्या टेबलापाशी आल्या. "उद्यापासून मी बटणांना भोकं पाडायला जाणार. पगार बरा आहे. आणि बसून काम."

"चांगलं झालं," प्रभारी म्हणाले आणि ते त्यांना खरंच वाटलं. मग त्यांनी हॉलभर नजर टाकली. "पण इथलं? तुमच्या जागी कुणी..."

"मला काय विचारता? बंदी आहे ना?"

"आहे."

बाईंनी झाडू त्यांच्या टेबलाला टेकवून ठेवला. "केबिनपासून सुरू करा," त्या म्हणाल्या. "कचरा तिथेच जास्त असतो."