तेलीबांध्याचा समुद्र

आधी लिंबू आलं, मग फिनाइल, मग अगरबत्तीचं चंदन. आणि या तिघांच्या आडून, अंग चोरत, तो चौथा वास. काचेचं दार ढकलून आत पाऊल टाकताच माझ्या नाकाने त्याला ओळखलं. घशाच्या तळाशी जाऊन चिकटणारा, डोळ्यांत किंचित झोंबणारा. मी पदर नाकाशी नेला आणि तिथूनच परत खांद्यावर ठेवला. त्या दुपारी नाकाला बोलू द्यायचं नव्हतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राजधानीला मंत्री लागतात, ते आले; लाल दिव्याच्या गाड्या लागतात, त्याही आल्या; समुद्र तेवढा राहिला होता. तो पंडरीतल्या एका ठोक कापडव्यापाऱ्याने तेलीबांधा तलावासमोर आणून बसवला. दारात वाळूचा ढीग, त्यावर थर्माकोलची होडी, भिंतीवर जाळं, छतातून कॅसेटमधल्या लाटांचा आवाज. कॅसेट जिथे संपे तिथे एक खट्ट होई आणि भरती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. वेटरांना खलाशांचे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे होते. रस्त्यापलीकडे खरं पाणी होतं, जलकुंभीच्या पानांखाली निपचित पडलेलं. त्या बाजूच्या खिडकीवर मात्र निळा पडदा ओढलेला.

ही जागा सासऱ्यांनी निवडली होती. नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगा रायपुरातच बँकेत नोकरीला. त्याची आई कोकणकिनाऱ्यावरच्या एका शाळेत शिकवणारी, मे महिन्याच्या सुट्टीत लेकाकडे आलेली. याआधी दोन स्थळं ‘मुलगी फार बोलते’ एवढा निरोप ठेवून निघून गेली होती. या वेळी मुलगा नणंदेला फोटो पाहूनच मनापासून आवडला होता. गच्चीवर पापड वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून, तिने मला ते सांगितलं होतं. सासूबाई हयात नव्हत्या, त्यामुळे तिची तयारी करून घेणं माझ्याकडे आलं. आयुष्याची बरीच वर्षं शब्दांच्या सेवेत घालवलेल्या मी तिला एकच धडा दिला: बोलायचं नाही.

“अन् त्यायनं काही इचारलं त?”

“हसायचं.”

“वहिनी, दोन तास हसून राहिली त पागल म्हणतील मले.”

सासऱ्यांचा विचार वेगळ्या उंचीवर चालला होता. “समुद्राकडचे लोक हायेत,” ते म्हणाले, “त्यायले आपल्या तलावातली रोहू चारतं काय? म्हणतील, राजधानी झाली पन जंगलीच रायले.”

म्हणून भर उन्हात, लूच्या झळा अंगावर घेत, आम्ही समुद्राकाठच्या बाईंना समुद्र दाखवायला नेलं. त्या शांतपणे थर्माकोलच्या होडीला वळसा घालून आत आल्या आणि म्हणाल्या, “छान आहे. थंड आहे.” दोन विधानांपैकी दुसरं खरं होतं.

मालक स्वतः आले. पंडरीच्या गादीवर घालवलेली वर्षं त्यांच्या मनगटात शिल्लक होती. बर्फावर मांडलेल्या माशांचं ताट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि एकेक पापलेट शेपटीला धरून असं उलगडलं, की आता पदरही दाखवतील. “ये देखिए बाबूजी, एकदम नया माल. इसमें बड़ा साइज भी मिल जाएगा.” सासऱ्यांनीही सवयीने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कल्ल्याजवळची कातडी चोळून पाहिली, पोत समाधानकारक असल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच पसंत करा.”

ताईंनी ताट नणंदेकडे सरकवलं. “तिला निवडू दे.”

टेबलाखाली मी तिच्या पावलावर पाऊल ठेवलं. ती हसली. पुन्हा हसली. मग राहवेना.

“भैया, जिंदा वाला टब किधर है?”

मालक गोंधळले. “दीदी, समुंदर की मछली है. मरी हुई ही आती है.”

“मरी हुई?” तिने आमच्याकडे पाहिलं. तिचा दोष नव्हता. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात मासळीवाली येते ती पाण्याच्या घमेल्यासकट. मासा शेपटी आपटून तोंडावर पाणी उडवेल तेव्हा तो पिशवीत पडतो. निपचित मासा आमच्याकडे फुकटही कुणी घेत नाही. “मंग हे कधी मेले, हे कसं कळन?”

मुलगा प्रथमच बोलला. “इथला माल फ्रेश असतो. मी दर शनिवारी येतो.”

बाईंचे डोळे बारीक झाले. “समुद्राचा मासा असाच येतो गं,” त्या नणंदेला म्हणाल्या. “कल्ला उचलून बघायचा. आत लाल पाहिजे.”

तिने तिथल्या तिथे उचलला. आतला रंग जुन्या चहाच्या चोथ्याचा होता. तिने बोटं नाकाशी नेली. “वहिनी, हा त वास मारून राहिला.”

लाटा संपल्या. खट्ट झालं.

“चूप बस पोट्टी,” सासरे पुटपुटले. “समुद्राचा वासच तसा असते.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरातली लिहिणारी म्हणून वासांबद्दल, रंगांबद्दल अखेरचा शब्द बोलण्याचा मान माझा होता. मीही तो सोडला नाही. “खारं वारं आणि शेवाळ यांचा मिळून असा एक गंध असतो,” मी म्हणाले. वाक्याला लय चांगली होती. तोवर मी समुद्र पाहिलेलाही नव्हता.

नणंदेने ताट मागे सरकवलं. तिचे डोळे भरून आले होते. तिसरं स्थळ गेलं, हे ती त्या क्षणी माझ्याहून स्पष्ट वाचत होती.

बाई लेकाकडे वळल्या. “दर शनिवारी येतोस?”

“हो.”

“आणि दर रविवारी फोनवर मला सांगतोस, उन्हाने पोट बिघडलंय.”

मुलाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. बाईंनी मालकांना हाक मारून सहा जणांसाठी वरण-भात सांगितला. आम्ही पाचच होतो. त्या म्हणाल्या, मुलगा दोघांचं जेवेल. पंडरीच्या माणसाने इतक्या जड मनाने कधी माल गुंडाळला नसेल.

जेवण झाल्यावर हात धुवायच्या बेसिनशी त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “तुमची मुलगी मला हवी आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोराच्या ताटात काय पडतंय ते बघणारं कुणीतरी पाहिजे. तिला तो पटत असेल तर.”

मी म्हणाले, पटतो. आनंदाने माझा नळ चालूच राहिला. तो त्यांनी बंद केला.

“आणि तुम्ही? आत शिरताना पदर नाकाशी नेलात, मी मागेच होते. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?”

“नाही हो,” मी म्हणाले. “उन्हातून आलो ना. मला कसलाच वास आला नाही.”

त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि उत्तरपत्रिका तपासावी तशा शांत आवाजात म्हणाल्या,

“खोटं.”